मागच्या सीटची थरथर

आमची गाडी पन्नासच्या पुढे गेली की मागची सीट थरथरायची. पुढे बसणाऱ्याला त्याचा पत्ताही लागायचा नाही. स्टेअरिंग शांत, काच शांत. मागच्याच्या मात्र तळपायातून कमरेपर्यंत बारीक मुंग्या चढायच्या. जुनी पांढरी मोटार होती, आमच्या यांनी सेकंडहँड घेतलेली. घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराला आलेले व्यापारी, लग्नाची पाहुणेमंडळी, आजारी माणसं, मिळेल ते भाडं हे मारायचे. घर त्याच्यावरच चालायचं.

त्याच मागच्या सीटवर आडवं घालून मला नगरच्या दवाखान्यात नेलं होतं. सातवा महिना होता. मूल मेलेलंच जन्मलं. डॉक्टरीणबाई यांना म्हणाल्या, "गाडीत बसायच्या आधीच पोटात गेलं होतं हो." पण व्हरांड्यात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "त्या गाडीनं हादरवून हादरवून खाल्लं लेकरू." डॉक्टरीणबाईंचं यांनी ऐकलं, मान हलवली. मनात धरून ठेवलं ते आईचं.

माझं माहेर कोकणात, समुद्राकाठी. सातवीत शाळा सुटली, इकडच्या साखर कारखान्यात कामाला असलेल्या मामाने हे स्थळ आणलं, आणि मी या कोरड्या मुलखात येऊन पडले. दुखलंखुपलं तर माहेरचं माणूस लगेच पोचेल असं काही नव्हतं. दवाखान्यातून आल्यावर आत्याबाईंनीच मला न्हाऊ घातलं, शेक दिला. मूल नसताना दूध दाटलं, तेव्हा छातीला फडकं बांधताना त्याच रडल्या. मला एक शब्द लावला नाही. अशा सुनेला आजूबाजूच्या घरांत काय काय ऐकावं लागायचं ते माझ्या कानावर होतं.

पुढे पुन्हा दिवस राहिले. मला आनंदाआधी भीतीच वाटली, आणि यांचं तर जेवणावरचं लक्षच उडालं.

"थरथर गेल्याबिगर तू गाडीत बसायचं न्हाई," हे म्हणाले.

"मग दवाखान्यात कशी जाऊ?"

"यष्टीनं."

एसटी आमच्या गाडीपेक्षा कितीतरी आदळायची.

यांनी चाकं बॅलन्स करून आणली. पुढची मागे, मागची पुढे घातली. इंजिनाखालची रबरं बदलली. थरथर जागची हलली नाही. शेवटी रस्त्यावरच्या गॅरेजचे मिस्त्री आमच्या अंगणात आले. त्यांनी गाडी उभी ठेवूनच इंजिन जोरात फिरवायला लावलं आणि मागच्या सीटवर हात ठेवला.

"इंजिन न्हाई. आता पळवून बघू. मी पुढं बसून कान देतो. मागं माणूस पायजे."

"पोतं टाकू का?" हे म्हणाले.

"पोतं बोलतंय व्हय?"

मी पदर खोचून पुढे झाले. यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथेच थांबले. तेवढ्यात आत्याबाई ओट्यावरून उठल्या. दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी त्या गाडीला हात लावला नव्हता, बाजारालासुद्धा पायी जायच्या.

"सरक पोरी. मी बसते."

तिघं परत आली तेव्हा मिस्त्रींना हसू आवरत नव्हतं. वाटेत त्यांनी विचारलं होतं, "मावशी, थरथर पायाखाली येती का बुडाखाली?"

"पायाखाली. मधी उंचवटा हाय ना, तिथं पाय ठिवला की दात वाजत्यात."

"तुमाला दात हायेत व्हय?"

"तुला चावायपुरतं हायेत."

उतारावर गिअर काढून गाडी नुसती सोडली, तरी आत्याबाई म्हणाल्या, "हाय की अजून." इंजिनाचा जोर सुटला तरी थरथर होती, म्हणजे दोष त्याच्या मागेच, असं मिस्त्री म्हणाले. त्या उंचवट्याखालून एक लांब दांडा जातो, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा. मिस्त्री गाडीखाली शिरले. मी चिंधी दिली. दांडा दोन तुकड्यांचा, एकात एक बसवलेला. त्यांनी सांध्यावरचं ग्रीस पुसलं आणि यांना खाली बोलावलं.

"ह्ये दोन बाण बघ, दोनी तुकड्यांवर कोरल्यालं. समोरासमोर पायजेत. एक हिकडं, एक तिकडं. खोलल्यावर बाण न बघता बसवलाय. कोन हुता त्यो गाढव?"

मला आठवलं. आमचं लग्न नुकतंच झालं होतं. भाड्यावर असताना त्या दांड्याचा जॉइंट तुटला, तो यांनी रस्त्यातच गाडीखाली पडून स्वतः बदलला, आणि घरी येऊन काळे हात किती कौतुकाने दाखवले होते. आत्याबाईंनाही आठवलं असावं, त्या खाली बघत होत्या.

"मीच," हे म्हणाले.

मिस्त्रींनी पाना उचलला. त्यांनी दांडा सोडवला, बाण जुळवले, बोल्ट आवळले. मी ठेवलेला चहा अजून उकळला नव्हता.

"एवढंच?" यांनी विचारलं.

"एवढंच."

गाडी पळवून पाहिली. सीट गार पडल्यासारखी शांत होती. हे मात्र ओट्यावर येऊन बसले ते चहालाही उठेनात. आत्याबाई जवळ गेल्या.

"म्या उगं बोलले तवा. डॉक्टरीनबाईनं सांगितलं तेच खरं."

"पण बोललीस ना, आये."



नवव्या महिन्यात कळा लागल्या तेव्हा माझं डोकं आत्याबाईंच्या मांडीवर होतं. नगरचा रस्ता मोकळा असून हे गाडी तीसच्या वर नेईनात.

"आरं पळव की, पोरीला सोसंना," आत्याबाई म्हणाल्या.

"थरथर हाय का?"

"न्हाई रं बाबा."

थोड्या वेळाने पुन्हा, "हाय का?"

मुलगी झाली आणि रडली. तो आवाज ऐकून मी कुणाकुणाचे उपकार मानले ते सांगता येणार नाही.

घरी निघताना यांनी गाडी दवाखान्याच्या दाराशी आणली. इंजिन चालू ठेवलं, मागचं दार उघडलं, आणि आम्हाला बसू न देता सीटवर तळहात टेकून वाकून उभे राहिले. उभी गाडी काय सांगणार होती? आत्याबाईंनी त्यांना घाई केली नाही. लेकराच्या तोंडावर पदर धरला, आणि आम्ही दोघी उन्हात उभ्या राहिलो.