तंबाखू न खाणाऱ्या माणसाची गाठ

देवाने माझ्याशी केलेला सौदा मोडला, हा राग मी बरेच महिने मनात धरून होतो. अजूनही तो पूर्ण गेला आहे असे म्हणणार नाही. लोक असे अनुभव लिहितात तेव्हा शेवटी सगळे गोड झालेले असते. माझ्या तोंडाला आता गोड लागतच नाही, त्यामुळे जे झाले ते तसेच लिहितो.

मी निपाणीचा तंबाखू व्यापारी. एकोणिसाव्या वर्षी दुसऱ्याच्या वखारीत बोदे, म्हणजे तंबाखूची मोठी पोती, उचलायला लागलो आणि चाळिशीत स्वतःची वखार उभी केली. कुणी हात दिला नाही. जे मिळवले ते जिभेच्या जोरावर, घासाघीस करून, प्रसंगी भांडून मिळवले. वडील तंबाखू खायचे. त्यांचे तोंड सडले, गालाला भोक पडले आणि त्यातच ते गेले. त्या वर्षी गावच्या बिरदेवासमोर मी सांगितले, मी जन्मात तंबाखू तोंडात घालणार नाही, दारूही नाही. त्याच्या बदल्यात तू माझे तोंड सांभाळ. आमच्या धंद्यात माल पारखताना पानाचा तुकडा जिभेवर ठेवणारे पुष्कळ. मी नुसत्या नाकाने आणि बोटांनी पारखत आलो. दलाल हसायचे. दर वर्षी जत्रेत मी देवाला आठवण करून द्यायचो की माझ्या बाजूने चूक नाही.

डाव्या जबड्याखाली गाठ आली तेव्हा ती दुखत नव्हती. दाढेची असेल म्हणून मी सोडून दिली. बायको दोन-तीनदा म्हणाली, दाखवून या. मी तिच्या अंगावर ओरडलो की तोंडाचा रोग खाणाऱ्याला होतो, मला कशाला होईल. आमच्या भागात माणसांचे दोनच प्रकार धरतात, खाणारे आणि न खाणारे. न खाणारा स्वतःला सुटलेला समजतो. त्या समजुतीवर मी सहा महिने घालवले.

अमावास्येला बिरदेवाला गेलो. नेहमीचा पुजारी लग्नाला गेला होता आणि त्याच्या जागी खानापूरकडचा त्याचा मेहुणा बसला होता. त्याने माझ्या कपाळाला भंडारा लावला, मग रीतीप्रमाणे गळ्याला लावायला हात नेला आणि त्याची बोटे तिथेच थांबली.

"आप्पा, ही गाठ कवाची?"

मी म्हणालो, तू तुझा भंडारा लाव. तो चिडला नाही. त्याच्या थोरल्या भावाला याच जागी गाठ होती आणि घरचे देवाच्या भरवशावर बसून राहिले, एवढे त्याने सांगितले. मग माझा नारळ उचलला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"बेळगावला जाऊन दाखिवतो म्हणून देवाम्होरं शबूद द्या. मग फोडतो."

मागे माणसे खोळंबली होती. मी आवाज चढवला, देवस्थान तुझ्या बापाचे आहे का असेही बोललो. त्याने नारळ सोडला नाही. साऱ्या आयुष्यात माझ्याशी माझ्याच रीतीने अडून बसलेला तो पहिला माणूस. शेवटी लोकांसमोर शोभा नको म्हणून शब्द दिला. देवाच्या भीतीने दिला, असे खोटे लिहीत नाही.

बेळगावच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी नाकातून बारीक कॅमेरा घालून पाहिले. रोग जिभेच्या पार मुळाशी होता, आणि गाठ त्याचीच. तंबाखू किती वर्षे, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, कधीच नाही. त्यांनी कागदावर माझा धंदा वाचला आणि पुन्हा विचारले. मी टेबलावर हात आपटला.

तपासायला काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आल्यावर मात्र त्यांनीच आधी माझी माफी मागितली. गाठ कॅन्सरची होती आणि तिच्यात एचपीव्ही नावाच्या विषाणूची खूण सापडली होती. त्यांनी सावकाश समजावले. तोंडाच्या पुढच्या भागात त्याचा कॅन्सरशी संबंध किती, याबद्दल अजून खात्रीने सांगता येत नाही. पण टॉन्सिलपाशी आणि जिभेच्या मुळाशी तो स्पष्ट दिसतो, म्हणून माझ्या बाबतीत कारण तेच असण्याची शक्यता जास्त. शरीरसंबंधातून तो येतो. बहुतेकांना कधी ना कधी होतो आणि आपोआप जातो, थोड्या जणांच्या अंगात राहतो. अशा गाठी उपचारांना चांगली दाद देतात, हेही त्या म्हणाल्या. मी फक्त एक विचारले, हा कुणाकडून आला? त्या म्हणाल्या, कुणाकडून ते सांगता येत नाही, कधी तेही नाही, कित्येक दशकांपूर्वीचाही असू शकतो, आणि यात कुणाचा दोष शोधू नका. बायको शेजारच्या खुर्चीवर होती.

परतताना संकेश्वरच्या अलीकडे मी गाडीत बोललो, "मी काय केलं न्हाई. मग हे घरात आणलं कुणी?"

घरी आल्यावर तिने पिशवी भरली आणि भावाकडे नंदगडला निघून गेली. पस्तीस वर्षांच्या संसारात ती अशी पहिल्यांदाच गेली.

आणि मी बोललो ते खोटे होते. लग्नाआधी मालाबरोबर लांबच्या बाजारांना जायचो, तेव्हा दोन वर्षे एका बाईकडे माझे जाणे होते. ती वाईट नव्हती, मला जेवू घालायची. लग्नाआधीचे म्हणून मी ते कधी धरलेच नव्हते.

वीज देण्याचे, म्हणजे रेडिएशनचे, उपचार सुरू झाले. आठवड्यातले पाच दिवस, सात आठवडे. मुलगा आणि सून आळीपाळीने माझ्याबरोबर बेळगावला घेतलेल्या खोलीवर राहत. निपाणीत बोलले जात होते की तंबाखूवाल्याला तंबाखूनेच खाल्ले, चोरून खात असणार. त्यावर सांगणार काय? खरे कारण त्याहून अवघड. तिसऱ्या आठवड्यात जिभेला फोड आले, पाणी गिळताना डोळ्यांत पाणी यायचे. रोज बाकावर नंबरची वाट बघत मी मनात बिरदेवाला शिव्या घालायचो. माझे मी पाळले, तुझे तू मोडलेस. हे म्हणता म्हणता एका सकाळी माझ्याच ध्यानात आले की मी देवाला दिले काय होते? वडिलांच्या तोंडाचा वास ज्याने सोसला, त्याला तंबाखूची शिसारीच असणार. जे मला नकोच होते ते मी देवाला दिले आणि वर्षानुवर्षे त्याची किंमत चढवून सांगत राहिलो. गिऱ्हाइकाशी मी हेच करत आलो होतो. इतका वरमलो की त्या दिवशी नंबर पुकारलेला कळला नाही.

शनिवारी मुलाला गाडी नंदगडला घ्यायला सांगितली. बोलवत नव्हते म्हणून सगळे कागदावर लिहून नेले होते. माझ्या मेहुण्याने दारात "या दाजी" एवढेच म्हटले. बायकोने कागद हातात घेतला नाही.

"तोंडानं बोलला हुतासा. आता बी तोंडानंच सांगा."

सांगितले. एकेक शब्द निखाऱ्यावरून काढावा तसा निघाला. तू न्हाई. मी. लग्नाच्या आधी. तुझ्यावर घातलं. मेहुणा उठून अंगणात गेला. मला वाटले, ती रडेल, नाहीतर जा म्हणेल.

"म्हंजे मला बी तपासायला लागंल की," ती म्हणाली. "हे तुमच्या मनात आलंच न्हाई न्हवं?"

आले नव्हते. देवाने मला फसवले, गावाने मला नाव ठेवले, डॉक्टरांनी मला संशयाने पाहिले. त्या साऱ्यात तिचे शरीर माझ्या हिशेबात कुठेच नव्हते.

सोमवारी ती माझ्याबरोबर बेळगावला आली. बायकांच्या डॉक्टरांनी तिला आत नेले, गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी केली, रिपोर्टला काही दिवस लागतील म्हणाल्या. त्या दिवसांत मी देवाला हाक मारली तेव्हा द्यायला काहीच सापडेना. तंबाखू नाही, दारू नाही, नारळ नाही. बदल्यात काय, हे न सांगता मागण्याची मला सवयच नव्हती. नुसते म्हणालो, तिला काही होऊ देऊ नकोस. मला काय करायचे ते कर.

तिचा रिपोर्ट चांगला आला. माझी गाठही उपचारांनंतरच्या स्कॅनमध्ये दिसली नाही, तपासण्या अजून चालू आहेत. हा चमत्कार आहे असे मी म्हणत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या की अशा गाठी दाद देतात. पण त्या अमावास्येला नेहमीचा पुजारी लग्नाला गेला नसता, तर मी बेळगावला गेलो नसतो. पुजाऱ्याच्या त्या मेहुण्याला भेटायला मी नंतर माणूस पाठवला. तो मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरला होता. त्याच्याशी मी जे बोललो त्याची माफी अजून राहिली आहे.

तोंडाला लाळ कमी सुटते. भाकरी आमटीत भिजवून खातो आणि खारट-तिखट बायकोला विचारून कळते. ती घरात आहे, हवे तेवढे बोलते. लहान नातीला या विषाणूवरची लस द्यायची हे तिनेच ठरवले, मला न विचारता, आणि मी भांडलो नाही. तिने मला माफ केले का, हे मी विचारलेले नाही. विचारले तर तो पुन्हा सौदा होईल. आहे तेवढ्यावर, न मागता, तिच्या शेजारी बसायला शिकतो आहे. देवासमोरही तसाच बसतो. बिरदेवा, तुझे उपकार आहेत. राग उरलाय तोही तुझ्याच पायाशी ठेवतो, माझ्याने तो एकट्याने सुटत नाही.