कॉर्कमध्ये ओतलेली पायरी

बसा, चहा घ्या. ही फजिती मी एकदाच सांगणार, तेव्हा नीट ऐका.

सतरा सालच्या जानेवारीत आम्ही दोघं नवरा-बायको मुलाकडे, आयर्लंडात कॉर्कला होतो. संजय तिथं औषधांच्या कारखान्यात केमिकल इंजिनिअर. मी शाळा चौथीत सोडली, पण चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. माझ्या कामाला कोणी नावं ठेवलेली नाहीत.

संजयच्या मागच्या दाराची पायरी फुटलेली. दार जमिनीपासून हातभर उंचावर आणि हिचे गुडघे गेलेले. महिनाभर ती काचेतून परसातलं ऊन बघत होती.

"अहो, तुरुंगात कैद्यालासुद्धा रोज बाहेर काढतात," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फळ्या ठोकल्या, सिमेंटचा माल कालवला, पायरी ओतली. शेजारचा पॅट कुंपणावरून बघत होता. तो जुनी रजई घेऊन आला आणि पायरीवर घाला म्हणून खुणा करू लागला.

"सिमेंटला पांघरूण? दूधही पाजायचं का?" मी संजयला विचारलं.

"बाबा, सिमेंट नुसतं वाळत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते, तेव्हा ते धरतं. उन्हाळ्यात ती भरभर होते, थंडीत रेंगाळते, गोठलं तर थांबतेच. आठवडाभर पाय ठेवायचा नाही."

"तू गोळ्या बनव."

रजई परत पाठवली. संध्याकाळी आपल्या रीतीप्रमाणे पायरीवर बटाट्याचं रिकामं पोतं टाकलं आणि दोन बादल्या पाणी मारलं.

सकाळी काठीनं ठोकून पाहिलं. खणखणीत दगड. संजय कामावर गेला होता, नाहीतर त्याला तिथंच उभा केला असता.

"ये बाहेर," मी हिला म्हटलं.

"तो आठवडा म्हणाला होता."

"चाळीस वर्षं कोणाचं ऐकलंस?"

"तुमचंच. म्हणून तर गुडघे गेले."

तरी ऊन वर आल्यावर तिनं शाल गुंडाळली, दार धरलं आणि पाय टाकला.

पायरी ओल्या रव्यासारखी भसकली. रात्रभर तिला सिमेंटनं नाही, बर्फानं धरून ठेवलं होतं. उन्हानं बर्फ सुटला. ही खाली गेली, मनगट मोडलं. ओरडलीही नाही. "माझा हात," एवढंच म्हणाली.

पॅटनंच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. वाटेत तो काहीबाही विचारत होता. मला इंग्रजी येत नव्हतं, ती एक सोय झाली.

रविवारी पॅटनं पायरी नव्यानं ओतली. माल कोमट पाण्यात कालवला, वरून पांघरूण घातलं. जन्मभर बिगाऱ्यांना दम दिलेला मी, त्याला बादल्या भरून देत होतो.

दहा दिवसांनी गळ्यात हात बांधून ही दारात उभी राहिली.

"कोणी ओतली?"

"पॅटनं."

"तुम्ही हात लावलात?"

"नुसतं पाणी दिलं."

उचललेला पाय तिनं आत घेतला.

"मग आधी तुम्ही अर्धा तास उभे राहा तिच्यावर."

राहिलो.