तिघांच्या सह्यांचा फ्रिज

तापाचा रोगी दारातून आत येतानाच डॉ. प्रफुल्ल ताकसांडे त्याचं निम्मं निदान करून मोकळे होत. इतका चांगला डॉक्टर, म्हणून त्यांना आष्टी तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राचं प्रमुख केलं गेलं. प्रमुखाला रोगी पाहायला वेळ उरत नाही, एवढंच आदेशात लिहायचं राहिलं.

वर्ध्याला तीन दिवसांचं नेतृत्व-प्रशिक्षण झालं. तिथून ते एक फाइल, एक पेन आणि एक तत्त्व घेऊन परतले : कामं वाटून द्या. दुसऱ्याच दिवशी भिंतीवर तक्ता लागला. सतरा चौकटी, एकवीस बाण. लसीच्या फ्रिजवर तिघांची समिती : औषधं सांभाळणारा निशांत, नर्स जागृती आणि अध्यक्ष खुद्द डॉक्टर. त्या खोलीत इतरांना प्रवेश बंद.

इतर म्हणजे धुरपताबाई, केंद्राच्या सफाई कामगार. गावची लाइन गेली की फ्रिजचा स्टॅबिलायझर बंद पडे आणि लाइन आली तरी बंदच राही. त्याचं बटन हाताने दाबावं लागे. अकरा वर्षं ते धुरपताबाई दाबत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे कुठे लिहिलेलंही नव्हतं.

"सायेब, माही चौकट कोनती?" त्यांनी तक्त्यापुढे उभं राहून विचारलं.

"स्वच्छता. बाहेरची."

"बरं," म्हणाल्या आणि झाडू उचलला.

रविवारी दुपारी लाइन गेली, तासाभरात आली.

बुधवारी लसीकरण होतं, गावचा बाजारही. बावीस बाया लेकरं कडेवर घेऊन नऊलाच हजर. जागृतीने फ्रिज उघडला तर आतून गरम हवा आली. पोलिओच्या कुपीवर पांढरा चौकोन असतो, उष्णता लागली की काळवंडतो. तो काळा होता.

नोंदवहीत मात्र सोमवारी चार अंश, मंगळवारी चार अंश. खाली तिन्ही सह्या.

"मले वाटलं, निशांतभाऊनं पाह्यलं असन."

"मी ताईची सही पाहून केली."

अध्यक्षांनी दोघांच्या सह्या पाहून केली होती.

तालुक्याला फोन झाला. नवी लस उद्या. निशांत हळूच म्हणाला, "सर, काही कुप्या कमी काळ्या हायेत. देऊन टाकू. कोनाले समजते?"

डॉक्टरांनी कुपी खिडकीच्या उजेडात धरली. कितीतरी दिवसांनी ते डॉक्टरासारखं पाहत होते. "फेका सगळ्या," ते म्हणाले. "बाहेर कोण सांगणार?"

दोघांनीही तक्त्याकडे पाहिलं. बायांना परत पाठवण्याची चौकट त्यात नव्हती. मग अध्यक्षच बाहेर गेले.

"फ्रिज रविवारपासून बंद होता, लस खराब झाली. चूक आमची. उद्या या."

"उद्याची मजुरी तुमी देसान का?" कोपऱ्यातून एकीचा आवाज. दुसरीने विचारलं, "तीन दिवस फ्रिजकडं कोनी पाह्यलंच नाई?"

"पाहायला तिघं होते."

"मंग तेच तं! चुलीवरचं दूध तिघी पाहून राह्यल्या का उतू गेलंच समजा."

बाया हसल्या, मग चरफडत बाजाराच्या वाटेला लागल्या. डॉक्टर आत वळले, तर फ्रिजच्या खोलीबाहेर धुरपताबाई उंबरा झाडत होत्या. उंबऱ्याच्या आत झाडू गेलेला नव्हता.

"सायेब, बटन दाबू का? का समितीले इचारू?"

"मीच दाबतो," डॉक्टर म्हणाले, आत गेले आणि फ्रिजच्या मागे-पुढे पाहू लागले.

बटन कुठं आहे, हे अध्यक्षांना माहीत नव्हतं.