शाळा मी लपवली

"ए मराट्टीकारी, चढ."

अय्या, शाळेच्या जागेचा मालक, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बोलला. बोटानं शिडी दाखवली. शिडी शाळेच्या फाटकाला टेकवलेली. वर पत्र्याचा बोर्ड. बोर्डावर तमिळमध्ये अन् इंग्रजीत शाळेचं नाव, बाजूला दोन वेण्या घातलेली मुलगी रंगवलेली.

मी म्हणलं, "अय्या, ड्रायव्हरला सांगा की. मी साडीत आहे."

"त्याचे कपडे खराब होतील."

बस, एवढंच. माझे कपडे म्हणजे शाळेतल्या आयाची निळी साडी, ती काय खराब व्हायची? पदर खोचला, निऱ्या मांडीत आवळल्या अन् चढले. खाली तीन बाप्ये. ड्रायव्हर, अय्याचा मेव्हणा अन् शिडी धरणारा एक मजूर. बोल्ट गंजलेला, पाना सारखा सटकायला लागला. खालून ड्रायव्हर म्हणाला, "बोर्डापेक्षा हेच बघायला बरं आहे." तिघं हसले. अय्यासुद्धा हसला. त्याची थोरली लेक माझ्या वयाची आहे.

मी खाली बघितलं नाही. त्या रंगवलेल्या पोरीच्या तोंडाकडं बघत पाना फिरवत राहिले. बोर्ड सुटला तेव्हा त्याची कड तळहातात घुसली. मी शिडीवरून उतरले, हाताला पदर गुंडाळला अन् विचारलं, "आता काय करू?"

त्याची सगळ्यात जास्त लाज वाटते मला. हसले ते हसले. पण मी विचारलं, आता काय करू.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. माझा नवरा गलाईच्या कामाला मद्रासेत आला. गलाई म्हणजे सोनं गाळायचं, ॲसिडात उकळून त्यातला मळ काढायचा. सावकारपेठेत एका बोळात दुकान, दुकान कसलं, कोंडवाडाच. वीस वर्षं त्यानं तो पिवळा धूर नाकात घेतला. सोनं मालकाचं, खोकला आमचा. आता दोन जिने चढला तर भिंत धरून उभा राहतो. डॉक्टरनं सांगितलं, मोकळ्या हवेत राहा. म्हणून होतं नव्हतं ते विकून शहराच्या उत्तरेला, गुम्मिडिपूंडीच्या रस्त्यावर एक तुकडा घेतला. वर पत्रे टाकले. आमच्यासारखी साठेक घरं तिथं. मधे ही छोटी शाळा, अय्याच्या जमिनीवर भाड्यानं. पुढं अय्याची अन् त्याच्या भाऊबंदांची पडीक शेती.

आयाचं काम मला रायरनी लावून दिलं. रायर म्हणजे आमच्या वसाहतीच्या संघाचे अध्यक्ष, रेल्वेतून रिटायर झालेले. तंजावरकडचे मराठी. त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कीर्तनच आठवलं. "कोठून आलीस गे? आपली माणसें का तुम्ही? मी सांगतों हेडमिसला," असं म्हणाले. परक्या मुलखात कुणी आपली म्हणलं, माझे तर डोळे भरून आले.

हेडमिसनं मात्र विचारलं, "तुम्ही कोणती माणसं?" इथं जात अशीच विचारतात. आयाच्या हातचं पाणी पोरं पिणार ना! मी म्हणलं, मराठे. ते खोटं. गावाकडं आमचं घर मांगवाड्यात, ओढ्याच्या पलीकडं. नवऱ्यानं गलाईच्या दुकानात हेच सांगितलं होतं, मीपण तेच सांगितलं. लपवायची सवय अशी आम्हाला आधीपासूनच होती.

माझी पूजा त्याच शाळेत, पाचवीत. आयाची पोर म्हणून फी नाही. इथंच जन्मली, त्यामुळं मी मराठीत विचारते, ती तमिळमध्ये उत्तर देते. बापाच्या छातीचं थोडं तिच्याकडंपण आलंय. फटाक्याचा धूर लागला तरी शिट्टी वाजल्यासारखा श्वास घेते.

तर अशात बातमी आली की अय्याच्या शेतावर कारखाना होणार. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवायचं. त्याच्यासाठी सरकारी नकाशावर ती जमीन शेतीतून काढून कारखान्याच्या रंगात घालायची. आमची घरं त्या नकाशावर नव्हतीच. प्लॉट मंजुरीविना पाडलेले, ते आम्हाला विकत घेतल्यावर कळलं. पण जवळ शाळा असली तर असला कारखाना देत नाहीत. रायर म्हणाले, "शाळा आहे तोंवर कोणी कांहीं करूं शकत नाहीं."

बॅटरीत काय असतं? ॲसिड! ते मला कुणी शिकवायला नको. वीस वर्षं नवऱ्याचे शर्ट धुतलेत मी, भोकं पडलेले.

आणि तरी चढले शिडीवर. का चढले? अय्यानं हेडमिसला सांगितलं होतं, सरकारी साहेब पाहणीला येणार, एक दिवस शाळा दिसता कामा नये. नाहीतर भाडेकरार संपला समजा. हेडमिस रडली, मग पोरांना सुट्टी दिली अन् स्वतःही घरी बसली. चावी माझ्या हातात. "तू आहेसच," म्हणाली. नवरा म्हणाला, "गप सांगितलेलं कर. काम गेलं तर पोरीची शाळापण गेली." म्हणून केलं. पोरीची शाळा टिकावी म्हणून पोरीची शाळा लपवली. आहे का नाही शहाणपण?

बोर्डानंतर बाकं. वर्गात रचून त्यांच्यावर अय्याच्या खताची पोती लावली. घसरगुंडीवर ताडपत्री टाकली. दारात सकाळी मीच काढलेलं कोलम, म्हणजे इथली रांगोळी, पायानं पुसलं. शेवटी भिंत राहिली. त्या भिंतीवर पोरांनी हाताला रंग लावून पंजे उमटवले होते, सगळ्या शाळेचे. कमरेएवढ्या उंचीवर ओळीनं पंजे. अय्यानं चुन्याची बादली पुढं सरकवली.

चुना पातळ होता. वाळला की पंजे परत दिसायला लागले. "अजून मार," मेव्हणा म्हणाला. मारला. तरी दिसले. परत मारला. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "अम्मा."

पूजा. मी डबा विसरले होते, तो घेऊन आलेली. तिनं फाटकावर बघितलं, भिंतीकडं बघितलं. पांढरी भिंत. तिचा पंजा खिडकीखाली होता, शेवटून तिसरा. ती म्हणाली, "अम्मा, शाळा कुठं गेली?"

मी म्हणलं, "लपाछपी खेळतोय."

तिनं डबा माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "मग शोधायला कोण येणार?"

शोधायला साहेब आला. जीपमधून उतरलासुद्धा नाही. काच खाली केली, मोबाइलवर दोन फोटो काढले. अय्या म्हणाला, "जुनं गोदाम आहे, सर. ही झाडणारी बाई." साहेबानं माझ्याकडं बघितलं. माझा हात कोपरापर्यंत पांढरा. एक शब्द, फक्त एक शब्द बोलायचा होता. मी मान हलवली. हो, गोदाम.

दुसऱ्या दिवशी शाळा परत भरली. बोर्ड मात्र लावायचा नाही, असं ठरलं. "विहिरीत टाक," अय्या म्हणाला होता. मी नाही टाकला. चादरीत गुंडाळून घरी नेला अन् खाटेखाली सरकवला. का नेला ते तेव्हा मला पण ठाऊक नव्हतं. नवरा म्हणाला, "अगं ए, हे भंगार कशाला?" मी म्हणलं, असू दे.

मग कल्याण मंडपात जाहीर सुनावणी झाली. जिथं लग्नं लागतात तिथंच. पुढच्या खुर्च्या जमीनवाल्यांना, मागं आम्ही उभे. स्टेजवर साहेब, तोच जीपवाला. आधी जमीनवाले बोलले. त्यांच्यातला एक म्हातारा खरं बोलला, ते मी कबूल करते. म्हणाला, "बोअरचं पाणी खारं झालंय. भात होत नाही, भुईमूग होत नाही. ही जमीन विकू नको तर काय चाटू?" त्याच्यावर मला राग नाही. मग आमच्यातले बोलले, पोरं, धूर, पाणी. मागून एक आमचाच माणूस ओरडला, "कारखाना आला तर प्लॉटला भाव येईल, कशाला अडवता?" दोघांची झटापट झाली. मग रायर उठले, फाइल उघडली अन् म्हणाले, "तिथं शाळा चालते. हा एकच मुद्दा पुरे आहे."

साहेबानं कागद वाचला. "पाहणीच्या दिवशी शाळा आढळली नाही. एक वापरात नसलेलं गोदाम आढळलं."

नुसता गलका उठला. रायरनी फाइल उंच धरली. "खोटें आहे हें," ते मराठीतच बोलून गेले, मग तमिळमध्ये, मग इंग्रजीत. अय्या पुढच्या खुर्चीवर विडा चघळत बसला होता. हेडमिस आलीच नव्हती. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आमच्यात म्हणतात. इथं मी कोंबडं झाकलं अन् सगळ्यांच्या देखत उजाडायचं राहिलं होतं.

बोर्ड मी चादरीसकट बरोबर आणला होता. मी चादर सोडली. बोर्ड डोक्यावर धरला अन् पुढं चालत गेले. माइक कुणी दिला नाही. ओरडूनच बोलले, तमिळमध्ये.

"शाळा आहे. त्या दिवशी बोर्ड मी काढला. भिंतीला चुना मी लावला. या अय्यांनी लावायला लावला. मी लपवली शाळा."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. वाटलं, झालं. आता तरी झालं.

साहेबानं विचारलं, "तू कोण?"

"आया आहे शाळेत."

"हजेरीपटावर नाव आहे?"

नव्हतं. माझं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

"पट्टा आहे तुझ्या नावावर?"

पट्टा म्हणजे जमिनीचा कागद. तोही नाही.

अय्या बसल्या जागेवरून म्हणाला, "सर, परप्रांतातली झाडूवाली. पैसे दिले की काय वाटेल ते बोलेल. बोर्ड काय, कुणीपण रंगवून आणेल." पुढच्या ओळी हसल्या. शिडीखाली हसले होते तसंच. साहेबाशेजारी कारकून लिहीत होता, त्याचं पेन थांबलेलं. मी म्हणलं, "लिहा की." तो साहेबाकडं बघायला लागला. साहेब म्हणाला, "नेक्स्ट."

मागं वळले तर आमचीच माणसं. ज्यांच्या पोरांची नाकं पुसली त्या बायका. एक म्हणाली, "म्हणजे हिनंच केलं!" दुसरी थुंकली. रायर माझ्यासमोर आले, चेहरा पडलेला. "तूं केलेंस हें? मी तुला आपली समजून कामास लावलें गे."

माझं डोकं सणकलं. "तुमची नव्हते मी रायर, कधीच नव्हते. मी मांगवाड्यातली. ते पण लपवलं होतं मी. आता काहीच लपवायचं नाही मला."

रायर एक पाऊल मागं सरकले. एकच पाऊल, पण मी बघितलं. त्यांना स्वतःला कळलं का नाही, देव जाणे.

नकाशावर जमिनीचा रंग बदलला. काम त्याच संध्याकाळी गेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचा करार पण संपला, तो तसाही संपणारच होता. हेडमिस तिच्या भावाकडं गेली. पोरं पांगली. पूजा आता हमरस्ता ओलांडून बसनं लांबच्या शाळेत जाते. कारखान्याची भिंत आमच्या परसापर्यंत आली आहे. नळावर माझी घागर आली की बायका बाजूला होतात, मांगवाड्याचं कळल्यामुळं की शाळेमुळं, मी विचारत नाही. नवरा म्हणाला, "झालं समाधान? काम गेलं, अब्रू गेली, कारखाना आला तो आलाच." खरंच आहे त्याचं. हा कारखाना मी थांबवू शकणार नाही, हे मला कळतं. मी खुळी नाही.

पण एक गोष्ट त्या कागदात राहून गेलीय. शाळा आढळली नाही. ते वाक्य माझं आहे. माझ्या हातानं चुना लावून मी ते लिहून दिलंय. ते मी पुसणार.

दर सोमवारी कलेक्टर कचेरीत लोकांचे अर्ज घेतात. मी सांगते, पूजा तमिळमध्ये लिहून देते. अर्ज दरवेळी तोच. "मी सरकारी अधिकाऱ्याला फसवलं. शाळा होती, ती मी लपवली. माझ्यावर गुन्हा दाखल करा." पहिल्या सोमवारी खिडकीतला माणूस हसला. म्हणाला, "अम्मा, स्वतःवर कोण तक्रार करतं? जा घरी." मी म्हणलं, "शिक्का मारा." त्यानं मारला. पुढच्या सोमवारी हसला नाही. परवा म्हणाला, "तुला जेलमध्ये जायची एवढी हौस का?"

हौस नाही. भीती वाटते. पूजाचं कोण बघणार, नवऱ्याच्या छातीचं कोण बघणार. पण मला आत टाकायचं असेल तर आधी त्यांना लिहावं लागेल, तिथं शाळा होती. त्यांच्या हातानं, त्यांच्या शिक्क्यानं. मग खुशाल टाका. तोवर एकही सोमवार मी सोडणार नाही.