आमचं आतून लावलेलं दार

सदर बाजारात दागिने घ्यायला गेलो की आम्ही मायलेकी आपसात मराठीतच बोलतो. "पहिले नाही म्हण, मग उठून चाल," असं आई सराफाच्या तोंडावर खुशाल सांगते. रायपुरात मराठी म्हणजे आमचं आतून लावलेलं दार.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी मी फोनवर आंबिलीची कृती शोधत होते. अचानक स्क्रीन लाल झाली, फोन थरथरला आणि हिंदीत अक्षरं आली, 'आपका फ़ोन हैक हो चुका है, तुरंत यहाँ दबाएँ.' वर चक्क रायपूरचं नाव. कोपऱ्यातली फुली दाबली, तर तीही खोटी निघाली. आणखी एक जाहिरात उघडली.

आई हात पुसत आली. "हात नको लावू!" मी खेकसले. "लुच्चे आहेत, फसवून राहिले."

"तुझं बँकेचं सगळं याच्यातच आहे ना?" तिनं खुशाल विचारलं, सराफापुढे बोलते तसं. मीही मराठीतच 'हो' म्हटलं. जणू फोनमधल्या त्या हरामखोरांना आमचं बोलणं कळणारच नव्हतं.

मी फोन बंद केला. थोड्या वेळानं सुरू करून आंबिलीचं तेच पान पुन्हा उघडलं. स्क्रीन पुन्हा लाल झाली, पण या वेळी अक्षरं मराठीत होती.

'ताई, घाबरू नका. आम्ही आहोत ना. फक्त इथे दाबा.'

आईनं ते वाचलं आणि भरदुपारी उठून दाराची कडी लावली.