सयाजी आबांचा एको

मीनाबाई कांबळे यांचा कान हा राजेंद्रनगरातला एक सार्वजनिक ठेवा आहे. गल्लीत मोटारसायकल शिरली की त्या भाकरी थापता थापता सांगतात, चेन सैल झालीय. शेजारच्या तानाबाईंच्या कुकरची शिट्टी ऐकून त्या इकडून ओरडतात, रिंग बदल म्हणून. देवानं असा कान दिला आणि दादला दिला गणपती, ज्याच्या मते आवाजाचे दोनच प्रकार असतात, लहान आणि चांगला.

गणपतीची बेंजो पार्टी आहे. सोबत साउंड सर्व्हिस. बेंजो तो असा वाजवतो की नवरदेवाचा कडक बापही वरातीत खांदे उडवायला लागतो. त्या बाबतीत त्याला तोड नाही. पण मिक्सरपुढं बसला की गडी एकच काम करतो. सगळे खटके वर ढकलतो. मग माइक शिट्टी मारतो, लोक कानात बोटं घालतात आणि गणपती समाधानानं म्हणतो, "आता बसला आवाज."

बावीस वर्षं मीनाबाई या पार्टीबरोबर टेम्पोतून फिरल्या. वायरी पसरायच्या, वायरी गोळा करायच्या आणि मधल्या वेळात भोंग्यांजवळ बसून राखण करायची, एवढंच त्यांचं काम. कुठला भोंगा फाटलाय, कुठल्या माइकचा खालचा आवाज काढायला हवा, हे त्यांना बसल्या जागी कळायचं. सांगायला गेल्या की गणपती म्हणायचा, मिक्सर हे बाईचं काम नव्हे, तिथं पाव्हण्यांशी भांडावं लागतं. रेशन दुकानदाराला गेली पंधरा वर्षं घाम फोडणाऱ्या बाईला तो हे सांगत होता.

मग वरच्या खोलीत नीमा राहायला आली.

नीमा टांझानियाची. तिथल्या एका प्रचंड तळ्याकाठी म्वांझा नावाचं शहर आहे, तिथली. विद्यापीठात शिकायला म्हणून कोल्हापुरात आलेली. नाव ऐकून गल्लीतल्या बायकांनी ती आपल्यातलीच असल्याचं जाहीर केलं आणि पहिल्याच आठवड्यात तिला तांबड्या रश्शाची सवय लावली. वर्षाच्या आत ती असं मराठी बोलायला लागली की रिक्षावाले मीटरवर यायचे. "व्हय की" आणि "न्हाय की" एवढ्या दोन शब्दांवर कोल्हापुरात निम्मा संसार होतो, हे तिनं फार लवकर ओळखलं.

एका रविवारी गणपती अंगणात तालीम घेत होता. नीमा वरून उतरली ती थेट मिक्सरजवळ. गणपतीला वाटलं, पोरगी बेंजोवर फिदा झाली. तो अजून जोरात वाजवायला लागला. पण नीमा बघत होती मीनाबाईंकडे. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला लसूण सोलत बसलेल्या मीनाबाई दर थोड्या वेळानं डावा डोळा बारीक करत होत्या आणि दर वेळी त्यानंतर क्षणभरात माइक शिट्टी मारत होता.

"आक्का," नीमा म्हणाली, "तुला आधी कळतंय की."

मग तिनं स्वतःची हकिकत सांगितली. त्यांच्याकडं गाणाऱ्यांना तोटा नाही. गाण्याचा धंदाही जोरात. पण स्टेजच्या मागचं काम, म्हणजे आवाज, दिवे, करारमदार, सगळं पुरुषांच्या हातात. दार-ए-सलाममधल्या एका संस्थेनं म्हणून एक कार्यक्रम काढला. मुलींना घ्यायचं, ज्यांना कुणी उभं करत नाही अशांना आधी घ्यायचं, त्यांच्या वर्गात तर चाकाच्या खुर्चीवरून मिक्सर चालवणारी एक पोरगी होती. सहा महिने शिकवायचं, मग खऱ्या जलशांत कामाला लावायचं. शिकून तयार झालेल्यांची यादी संस्था ठेवते आणि जलसेवाले त्या यादीतून माणसं बोलावतात. नीमा दोन वर्षं हे काम करून मग इकडं आली होती. जिथं जाल तिथं एका बाईला शिकवा, ती शिकल्याचा कागद आम्ही देऊ, असं संस्थेनं निघताना सांगितलेलं.

मीनाबाईंनी लसूण खाली ठेवला. तिकडच्या बायका हे करतात, एवढंच त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

गणपतीनं हरकत घेतली नाही. उलट चार माणसांत शब्द दिला, की तिकडचा कागद आला तर मिक्सर मीनाचा, मी हात लावणार नाही. हा उदारपणा त्याला जड गेला नाही, कारण समुद्रापलीकडून राजेंद्रनगरात कागद येईल यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

पुढचे सहा महिने दर रविवारी गच्चीवर शाळा भरली. मीनाबाईंना शिकवायचं असं फार नव्हतंच. जे कानाला आधीच ठाऊक होतं, त्यासाठी कुठला खटका, एवढंच दाखवायचं होतं. फक्त एका धड्यापाशी गाडी अडली. तो धडा एकोचा.

कोल्हापूरकडं एको ही आवाजातली गोष्ट नव्हे, ती मानाची गोष्ट आहे. साध्या माणसाला साधा माइक. ग्रामपंचायत सदस्य बोलायला उठला की थोडा एको. सरपंचाला निम्मा. त्यावरच्या माणसाला इतका, की "मंडळी" म्हटल्यावर ती मंडळी मंडपाला दोन प्रदक्षिणा घालून परत येईपर्यंत पुढचा शब्द काढायचा नाही. माजी झाला तरी एको उतरत नाही. नीमाला हे समजेना. शब्दावर शब्द चढतो, मग बोललेलं कळणार कसं, असं ती विचारायची. मीनाबाईंनी बावीस वर्षांत प्रथमच त्यावर विचार केला. खरंच की, आजवर एकाही पुढाऱ्याचं एकही वाक्य शेवटपर्यंत कळलं नव्हतं. आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं.

शेवटची परीक्षा होती ती अशी. एक आख्खा कार्यक्रम एकटीनं सांभाळायचा. दुसऱ्या कुणी मिक्सरला बोट लावायचं नाही. शेवटी संस्थेच्या अर्जावर आयोजकाची सही आणि त्याचा एका ओळीचा अभिप्राय. सही नाही तर कागद नाही.

कार्यक्रम ठरला कागलजवळचा. अमरसिंह चौगले यांच्या मुलीचं, राजनंदिनीचं लग्न. अमरसिंहांनी सही द्यायचं आधीच कबूल केलं होतं. गणपती दुपारपर्यंत बेंजोला जखडलेला, म्हणजे त्याचे हात मिक्सरपर्यंत पोचायची भीती नाही. नीमा मीनाबाईंची मोरपंखी साडी नेसून पाव्हणी म्हणून आली होती. तिच्या निऱ्या सारख्या करायला वऱ्हाडातल्या नऊ बायका लागल्या आणि नवरीकडं बघायला कुणी उरलं नाही.

सकाळपासून सगळं झकास चाललं. सनईचा आवाज मांडवाच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत गेला आणि पुढच्या रांगेतली तान्ही पोरं झोपून राहिली. एकदाही शिट्टी नाही. आचारी मुद्दाम बाहेर येऊन विचारून गेला, साउंड बंद पडलाय का.

मुहूर्ताला वीस मिनिटं राहिली. अक्षता वाटून झाल्या. आणि आशीर्वादपर दोन शब्द बोलायला नवरीचे आजोबा उठले. माजी सरपंच सयाजी आबा. आबांचे दोन शब्द पंचक्रोशीत प्रसिद्ध आहेत. गेली तीस वर्षं प्रत्येक लग्नात ते एकच भाषण करतात. लोकांच्या मुठीत अक्षतांचा भात होतो, पण आबा थांबत नाहीत.

आबांनी माइक हातात घेतला. स्टेजवरून गणपतीनं भुवया वर केल्या. मग अजून वर केल्या. आबांना एको दे, असा त्याचा अर्थ. मीनाबाईंचं बोट एकोच्या खटक्यावर गेलं. सही याच घरातून मिळायची होती. खटका वर केला असता तर कुणी काही म्हटलं नसतं, नीमासुद्धा नाही. पण मीनाबाईंच्या कानानं आबांचा आवाज ऐकला. खर्जातला, थोडा घोगरा, जुन्या लाकडासारखा चांगला आवाज. त्याच्यावर भांड्यांची मांडणी पाडायची, हे त्यांना होईना. त्यांनी बोट उचललं आणि आवाजाची धार तेवढी जराशी काढली.

आणि तीस वर्षांत प्रथमच आबांचं भाषण लोकांना कळलं.

पहिल्या रांगेत कुणाचं तरी बोलणं थांबलं. मग दुसऱ्या. आबा सवयीप्रमाणं प्रत्येक शब्दानंतर थांबत होते, पण मागून काही परत येत नव्हतं, त्यामुळं त्या थांबण्याला एक वजनच आलं. आबा सांगत होते, "सरपंच म्या झालो, पर गाव चालवलं आमच्या बाईनं. मला त्यातलं काय बी कळत न्हवतं. सकाळी भाकरी थापताना ती सांगायची, आन मी चावडीवर जाऊन तेच आपलं म्हणून बोलायचो. जावईबापू, बायकोचं ऐका. आन ऐकलंय म्हणून चार माणसांत सांगा बी."

मांडवात टाचणी पडली असती तर मीनाबाईंनी तिचा कारखाना सांगितला असता. नवरीमागं बसलेल्या बनाबाई, आबांच्या मंडळी, वय वर्षं एकाहत्तर, पदराचं टोक हातात घेऊन तशाच राहिल्या.

आबा मात्र खाली उतरले ते लालबुंद होऊन. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, पंगती बसल्या, तरी त्यांचा पारा उतरेना. मीनाबाई अर्ज घेऊन अमरसिंहांकडं गेल्या तेव्हा ते अवघडून उभे होते.

"वैनी, सही न्हाय जमायची," ते म्हणाले. "आबांचा अपमान झालाय. सगळ्या पाव्हण्यांत त्यास्नी बिनएकोचं बोलायला लावलंसा."

"पर कळलं का न्हाय, आबा काय बोलले ते?"

"कळलं की."

"मग?"

"कळायचं नसतंय ते, वैनी. मानाचं असतंय."

गणपती बेंजोचं कापड झटकत जवळ आला. सांगत होतो, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण बायकोचा चेहरा बघून ते पुन्हा मिटलं. बावीस वर्षांच्या संसारात एवढी अक्कल येतेच. उलट तो अमरसिंहांना म्हणाला की चूक माझी, मीच सांगायला हवं होतं. मीनाबाईंनी त्याला तिथंच गप्प केलं. चूक कुणाचीच नव्हती, एको आपणच दिला नव्हता, समजून उमजून, हे त्यांनी अमरसिंहांना तोंडावर सांगितलं. नीमा खुर्चीवरून अर्धी उठली आणि परत बसली. सही नाही तर कागद नाही, हे तिनंच सांगितलं होतं.

तेवढ्यात बनाबाई आल्या. मागून आबा, जेवणाच्या पानावरून उठवून आणल्यासारखे.

बनाबाईंनी आधी आबांनाच विचारलं, हे भाषण नेहमीचंच का. आबा म्हणाले, हो, थोरल्या नातवाच्या, राजवीरच्या बारशाच्या वर्षापासून हेच, एक शब्द बदललेला नाही. बनाबाईंना आजवर वाटत होतं, ते साखर कारखान्याविषयी काहीतरी बोलतात.

"तुला ठावं हाय म्हणून मी निर्धास्त व्हतो," आबा कुरकुरले. "आन आज बघ की, एको न्हाय काय न्हाय. घरात बोलल्यागत वाटलं."

"घरात कधी बोललाईसा?" बनाबाई म्हणाल्या.

आबांनी आधी अमरसिंहांकडं बघितलं, मग मांडवाच्या छताकडं. दोन्हीकडून मदत आली नाही.

बनाबाईंनी मीनाबाईंच्या हातातला अर्ज घेतला आणि पेन मागितलं. अमरसिंहांनी हळूच सांगून बघितलं, आई, तिथं आयोजकाची सही लागते, आयोजक मी आहे. बनाबाईंनी कमरेच्या पिशवीतून लग्नाची पत्रिका काढली. पिशवीत ती दोन महिने होती, पान-सुपारीचा वास लागलेली. पत्रिकेत खाली ठळक अक्षरात छापलं होतं, निमंत्रक, श्री. सयाजी व सौ. बनाबाई. अमरसिंहांचं नाव त्याच्या खाली, बारीक अक्षरात, सगळ्या चुलत्यांबरोबर.

"छापून घेताना तूच घातलंस न्हवं?" त्यांनी लेकाला विचारलं, आणि मिक्सरच्या टेबलावर कागद टेकून सही केली. एक एक अक्षर कोरत. त्यांना सही करताना बघायला पंगतीतले लोक उष्ट्या हातानं उठून आले.

अभिप्रायाच्या ओळीत काय लिहायचं, असं विचारल्यावर त्या जराशा घुटमळल्या. लिहायचा कंटाळा आला असावा. पेन मीनाबाईंच्या हातात देऊन म्हणाल्या, "लिही, ऐकाय आलं."

आबांनी पुन्हा एकदा बोलून दाखवू का, असं विचारलं. बनाबाईंनी त्यांना जिलेबी गार होतेय म्हणून परत पंगतीत बसवलं.

त्या दोन शब्दांचं भाषांतर करताना नीमाचा सगळा रविवार गेला. शेवटी तिनं ते आहेत तसे ठेवले आणि खाली आबा-बनाबाईंची आख्खी गोष्ट लिहिली. तीन आठवड्यांनी कागद आला. गणपतीनं तो उलटासुलटा करून बघितला, शिक्का नखानं खरवडून बघितला, आणि संध्याकाळी टेम्पोवर पाटी रंगवणाऱ्याला बोलावून घेतलं. पार्टीच्या नावाखाली आता लिहिलंय, साउंड, सौ. मीनाबाई. अक्षरं जरा लहान आहेत, पण पिवळी आहेत.

मीनाबाई हल्ली हातकणंगल्यापासून नेसरीपर्यंत मिक्सरवर बसतात. पुढारी अजून येतात आणि एको अजून मागतात. त्यांना नाही म्हणायचं नाही, असं मीनाबाईंनी ठरवलंय. त्या फक्त आधी एक प्रश्न विचारतात, तोही अगदी अदबीनं.

"दादा, काय सांगायचं हाय, का नुसतंच बोलायचं हाय? सांगायचं आसंल तर साधा माइक देते. नुसतं बोलायचं आसंल तर एको हाय, पायजे तेवढा."

बहुतेक जण थोडा विचार करतात आणि एको मागतात.