ताईंचा कोपरा

चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ती कित्येक वर्षं करत होती. हात इतका बसलेला, की नाजूक काम मालक दुसऱ्या कुणाकडे सोपवायचा नाही. घरी मात्र हल्ली तिच्या जिवाला घोर लागला होता, आणि त्याचं कारण पलंगाखाली होतं.

तिची थोरली नणंद नावाजलेली चित्रकार. कापड, फाटका कागद, गंजकी जाळी असं काहीबाही लाकडी फळीवर चिकटवून ताई त्यावर पातळ पांढरा रंग चढवायच्या आणि मग जागोजागी खरवडून खालचे रंग वर काढायच्या. चित्रात ना माणूस, ना झाड. मागच्या प्रदर्शनात खालच्या कोपऱ्यात लाल पट्टी असलेल्या अशाच एका चित्रासमोर ती खिळून राहिली. नवऱ्याने दोनदा हाका मारल्या तरी हलली नाही.

मग सुट्टीच्या दिवशी नवरा बाहेर पडला, की जेवणाच्या टेबलावर पसारा मांडायचा तिने सपाटाच लावला. जुनी चादर, पॉलिश पेपर, भिंगं ज्यात गुंडाळून येतात तो झिरझिरीत कागद, डिंक, रंग आणि एखादी लाकडी फळी. हात चालू असेपर्यंत भान नसायचं. थांबली, की समोरची फळी नीट दिसायची. पांढरा ताईंचा, खरवडणंही ताईंचं. ही तर घरातल्या घरात चोरी! नवऱ्याची चाहूल लागायच्या आत ती सगळं पलंगाखाली सारायची.

एकदा ताई भावाकडे जेवायला आल्या. एक खुर्ची कमी पडली. घडीची खुर्ची काढायला नवरा पलंगाखाली वाकला. "अहो, राहू द्या, मी स्टूल..." ती म्हणेपर्यंत तो चार फळ्या घेऊन बाहेर आला.

"ताई, तुझी चित्रं आमच्याकडे कशी?"

ताईंनी बघितलं. "माझी नाहीत. कुणी केली?"

ती पुढे आली. "मी."

ताईंनी चष्मा लावला. चारही फळ्या भिंतीला टेकवून त्या बराच वेळ बघत राहिल्या. नवरा काहीतरी विनोद करायला गेला आणि बहिणीचं तोंड बघून ताटं मांडायला लागला.

"या तीन माझ्याच," ताई म्हणाल्या. "फक्त मी केल्या नाहीत, एवढंच." चौथीच्या खालच्या कोपऱ्यावर त्यांनी तळहात ठेवला. "हा कोपरा माझा. लाल पट्टीसकट उचललायस. बाकीचं कुणाचं ते मला माहीत नाही. चल, वाढ आता."

जेवताना चित्रांचा विषय निघाला नाही.

"ताई तशीच आहे गं, बोलून मोकळी होते," नवऱ्याने नंतर समजूत घातली. पण तिला चैन पडेना. तिने ब्लेड घेतलं आणि तो कोपरा खरवडायला घेतला. थर निघता निघता सोललाच, खालचं लाकूड उघडं पडलं. घाबरून तिने कापड लावलं, कागद लावला. पण रंग घ्यायला गेली, की हात आपोआप पांढऱ्याकडेच वळायचा. शेवटी वैतागून तिने भिंग घासताना खाली साचणारा राखाडी गाळ डिंकात कालवून थापला. वाळल्यावर त्याला भेगा गेल्या. चांगलं की वाईट, काही कळेना. फोटो काढून ताईंना पाठवला आणि लगेच पश्चात्ताप झाला.

ताईंनी फोटो बघितल्याची खूण आली; उत्तर नाही. पुढचे कितीतरी दिवस फोन वाजला, की ती हातातलं भिंग बाजूला ठेवून आधी तो बघायची. आणि मग एका दुपारी ताईंचाच फोन.

"कोपरा फसलाय गं."

"हो ताई." तिचे डोळे भरून आले.

"पुढची फळी आणलीस?"

"नाही अजून."

"मग आण की!" ताईंनी फोन ठेवून दिला.

घरी जाताना ती सुताराकडे थांबली. पहिल्यापेक्षा दुप्पट मोठी फळी तिने सांगितली.

"एवढी कशाला हो ताई?" सुताराने विचारलं.

"कपाटाला," ती घाईघाईने म्हणाली.